पाठमोरा खलाशी

जन्मभर मी मूर्ती केल्या त्या पाण्यात बुडवण्यासाठी. श्रावणात माती मळायची, बोटं सुजेपर्यंत डोळे आखायचे, आणि भाद्रपदात तेच काम वाजतगाजत मांडवीच्या समुद्रात जाताना काठावरून बघायचं. या धंद्यात माणूस फार गर्विष्ठ होत नाही तो एवढ्यासाठीच. आमच्याकडे गणपती करायच्या जागेला कारखाना म्हणत नाहीत, गणपतीची शाळा म्हणतात. त्यामुळे मराठी चौथीच्या पुढे न जाता मी साऱ्या रत्नागिरीचा 'मास्तर' झालो, हा दुसरा फायदा.

तरुणपणी गिरगावात एका शिल्पकाराच्या हाताखाली काही वर्षं साचे काढले होते. त्या बळावर गणपती सोडून इतर कामंही येत. एका निवृत्त हेडमास्तरांनी हयातीतच स्वतःचा अर्धपुतळा करवून घेतला. रोज हातात आरसा घेऊन येत. एकदा आरशात, एकदा मातीत बघत आणि म्हणत, "मी इतका रागीट दिसत नाही." शेवटी त्यांची बायको आली. पुतळा बघताक्षणी डोक्यावरचा पदर सावरून दोन पावलं मागं सरली. मी तिथंच हात धुतले. काम पुरं झालं होतं.

पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी "धंद्यातला अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा मनात आला तो आमच्या आळीचा खलाशी. त्या कामाइतकं मी कधी हसलो नाही, आणि त्या कामाइतकी भीती मला कशाची वाटली नाही.

पहिली मोठी लढाई संपून बरीच वर्षं लोटली होती. आमच्या खालच्या आळीतले तिघे त्या लढाईत गेले: गणू, तुकाराम आणि दत्ताराम. तिघेही एकाच आगबोटीवर होते. गणू इंजिनात कोळसा ओढायला, बाकीचे दोघे डेकवर. जर्मन पाणबुडीनं ती बोट कुठल्याशा लांबच्या समुद्रात बुडवली. घरी माणूस आला नाही की सामान आलं नाही.

आळीच्या टोकाला, समुद्राच्या बाजूला, तेव्हा नुकतीच एक लहानशी सार्वजनिक बाग झाली होती. चार बाकं, सुरूची झाडं, आणि कडेला खाली खडकांपर्यंत उतरणारी घसरण. त्या बागेत या तिघांचं स्मारक व्हावं, असं भाऊसाहेबांनी मनावर घेतलं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या आळीतले निवृत्त शिरस्तेदार. गोरेपान, ठेंगणे, आणि कुठल्याही कामाच्या मागं लागले की झोप न येणारे. एका सकाळी ते इंग्रजी साप्ताहिकातलं एक चित्र हातात नाचवत माझ्या शाळेत शिरले. चित्रात बूट, पट्टे, टोपी आणि बंदूक घेतलेला गोरा सोल्जर होता.

"मास्तर, असा हवा! हुबेहूब!"

"भाऊसाहेब, आपल्या तिघांनी बंदूक कधी हातात धरली नाही. खलाशी होते ते."

"लढाईत गेले ना? मग सैनिकच. आणि बंदुकीशिवाय स्मारक म्हणजे शेंडीशिवाय नारळ!"

मी वाद घातला नाही, कारण मला आतून उकळ्या फुटत होत्या. पुरुषभर उंचीचा, पायावर उभा, एकट्यानं करायचा पुतळा! भाऊसाहेब दारातून बाहेर पडताच मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला दोन्ही दंड धरून गरागरा फिरवलं. विळीवरचा फणस तसाच राहिला. ती दम खात म्हणाली, "सोंड नसलेलं जमेल ना तुम्हाला?"

पुतळ्याला पहिल्यांदा समोर माणूस लागतो. नुसत्या आठवणीतून केलेला पाय लाकडासारखा होतो. मी धक्क्यावरच्या बाबू हमालाला गाठलं. आगबोटीतून उतरलेल्या गोणी दोन दोन पाठीवर घेणारा गडी, अंग देवळाच्या खांबासारखं. पण गोणी घेऊन पळणारा माणूस नुसता उभा राहू शकत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. सुताची दोरी लावून मापं घ्यायला गेलो की त्याला गुदगुल्या होत. काखेजवळ हात नेला की बाबू खिदळत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला!

बूट एका हवालदाराकडून मागून आणले. बंदूक म्हणून बायकोचं मुसळ दिलं. बाबूनं जन्मात पहिल्यांदा बूट घातले होते. मुसळ खांद्यावर टाकून तो टापा वाजवत अंगणभर फिरला, सारवलेल्या जमिनीवरून घसरला आणि थेट भिजवलेल्या शाडूच्या पिंपात बसला. त्याला बाहेर काढायला शेजारचे दोघे बोलवावे लागले. नेमके तेव्हाच भाऊसाहेब आले. चिखलानं माखलेला, हातातलं मुसळ न सोडलेला बाबू बघून त्यांचे डोळे भरून आले. "वा! अगदी फ्रान्सची रणभूमी!" म्हणाले, आणि समाधानानं लेकीकडच्या कार्यासाठी पुण्याला निघून गेले.

खरा गोंधळ त्यानंतर सुरू झाला.

धड उभं राहिलं, आता तोंड करायचं. तोंड कोणाचं? तिघांपैकी एकाचाही फोटो नव्हता. मी बेतानं एक साधं, कोणाचंच नसलेलं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी गणूची आई आली. म्हातारी, कमरेत वाकलेली, पण आवाज भरतीच्या लाटेसारखा. सारी आळी तिला भागीआये म्हणे. तिनं पुतळ्याला चहूकडून न्याहाळलं.

"कोण रे हा मेला? ह्याला आमच्या आळीत कदी बघलंय नाय."

"आये, हा तिघांच्या वतीनं आहे."

"तिघांचा मिळून एक कसा असंल? माज्या झिलाचं नाक सरळ हुतं. कर सरळ."

म्हातारीपुढं काय बोलायचं? मी नाक सरळ केलं. दुपारी धोंडू तांडेल आला. दत्तारामाचा थोरला भाऊ, स्वतःच्या मचव्याचा मालक. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य. तो जमिनीवरही तसाच वागे. "मास्तर, आमच्या घराण्यात कान मोठे. दत्ताचे तर शिडासारखे. हे असले बारीक कान लावलंत तर आमचा बापूस सरगातून खाली येईल." मी कान वाढवले. भागीआयेला ते कळलं. तिनं येऊन कान कमी करायला लावले आणि जाता जाता हनुवटीवर खळी पाडून घेतली. धोंडूनं ती बुजवली. ओल्या मातीचा हाच गुण आणि हाच दोष, तिला कोणाचंही म्हणणं पटतं.

तुकारामाची बायको येसूवहिनी तेवढी काही मागत नसे. ती इतरांच्या मागं दाराशी उभी राही आणि बघून परत जाई. मला वाटे, हिचं म्हणणं सगळ्यात शेवटी येणार आणि सगळ्यात अवघड असणार.

आठवडाभरात त्या मुंडक्याला नाक एका घरचं, कान दुसऱ्या घरचे, आणि भुवया रोजच्या चेपाचेपीत कपाळावर चढून बसल्या. पुतळा कायमचा दचकल्यासारखा दिसू लागला. माझी बायको चहा घेऊन आली, त्याच्याकडे बघून थबकली आणि म्हणाली, "आता सोंडच लावा." आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण हसू ओसरल्यावर मी भिंतीवरचं पंचांग बघितलं. दिवस ठरला होता, कलेक्टरसाहेबाला बोलावणं गेलं होतं, आणि माझ्याकडे देण्यासारखं तोंड नव्हतं.

एका सकाळी तिन्ही घरं एकाच वेळी उगवली. भागीआये नाकाला, धोंडू कानाला. दोघांचे हात पुतळ्यावर आणि तोंडं एकमेकांवर.

"तुज्या भावाच्या कानांनी माज्या गणूला बहिरा म्हंतील लोक!"

"मोठ्या कानाचा माणूस बहिरा कसा व्हील, आये?"

"मेल्या, मना शिकवतंस?"

या ओढाताणीत ते मुंडकं मानेपासून सुटलं, धोंडूच्या पायावर पडलं आणि त्याची भाकरी झाली. धोंडू एका पायावर उभा, भागीआयेच्या हातात नाकाचा गोळा. आणि दाराशी उभी असलेली येसूवहिनी पहिल्यांदा बोलली.

"मास्तर, खरं सांगू का? मला त्यांचं तोंड आता नीट आठवत नाही."

ती खाली बघूनच बोलत राहिली. "लग्न होऊन आले तेव्हा लहान होते. ते बोटीवरून यायचे, महिनाभर राहायचे, परत जायचे. मोठ्या माणसांच्या देखत वर मान करून बघणार कधी? पण जायचे तेव्हा मी बघायची. मागून. मागून बघताना कोणाला कळत नाही ना. पाठ मला पक्की ठाऊक आहे. पत्र्याची ट्रंक उजव्या खांद्यावर, नि डावा खांदा जरा वर."

भागीआयेच्या हातातला गोळा हळूहळू खाली आला. "गणूनं पण मागं वळून बघलान नाय," ती म्हणाली. "खलाशानं निघताना मागं बघू नये, असा नेम. मी धक्क्यावर उभी. तो आपला चाल्ला, चाल्ला. मानेवरचे केस कापायचे राह्यले हुते."

"दत्ताचं पण तसंच," धोंडू म्हणाला. "सदरा पाठीला चिकटलेला. ट्रंक ह्या खांद्यावर."

"वायच पुढं झुकून," भागीआये म्हणाली.

"हो. झुकून."

पंधरवड्यात पहिल्यांदाच या माणसांचं एकमत होत होतं! एकेक जण बोलत होता आणि बाकीचे माना डोलवत होते. मी केव्हा ओल्या मातीत हात घातला मला कळलं नाही. बंदूक काढली, पट्टे खरवडले, बूट उडवले. बाबूला धक्क्यावरून बोलावलं, आणि धोंडूनं स्वतः ट्रंक आणून त्याच्या खांद्यावर ठेवली. आणि मंडळी, ओझं खांद्यावर येताच जो बाबू क्षणभर स्थिर राहत नव्हता तो झाडासारखा उभा राहिला! तेवढंच तर त्याला येत होतं. "आता सांजपर्यंत हलणार नाय," तो म्हणाला, आणि हलला नाही. त्या दिवशी माझी बोटं जशी चालली तशी पुन्हा कधी चालली नाहीत. भागीआये, धोंडू आणि येसूवहिनी मागं बसून सांगत होते, मानेवर केस, खांद्याची वळी, सदऱ्याची चुणी, आणि मी वेड्यासारखा हसत, शिटी वाजवत काम करत होतो.

तोंड पुढं केलंच. पण ते समुद्राकडे राहणार आणि त्या बाजूला घसरण, त्यामुळे कोणी त्यात नाक खुपसलं नाही.

ज्यांना या कामाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीची मूर्ती झाली की तिच्यावर प्लास्टर चढवून तुकड्यातुकड्यांनी साचा काढतात, आत लोखंडी सळ्या उभ्या करून सिमेंट भरतात. सिमेंट वाळवायचं नसतं. गणपतीवाल्याला हे समजायला कठीण जातं. ते भिजत ठेवावं लागतं, तरच घट्ट होतं. म्हणून बागेतल्या चौथऱ्यावर तो उभा राहिल्यावर आम्ही त्याला गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो. जाणारायेणारा विचारी, "ताप उतरला का?" एक सल मात्र अजून आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी सळई आतून गंजते आणि फुगते. पुढे काही वर्षांनी त्याचा ट्रंक धरलेला हात तडकला तो त्यामुळे. मी दोनदा डागडुजी केली. तांब्याची सळई परवडली असती तर तो माझ्यामागं शंभर वर्षं चालत राहिला असता.

भाऊसाहेब समारंभाच्या आदल्या दिवशी परतले. गोणपाटातल्या आकाराभोवती फिरले. खांद्यावरच्या चौकोनी उंचवट्यापाशी थांबले.

"मास्तर, हे काय?"

मी गोणपाटावर आणखी पाणी ओतू लागलो. धोंडू पटकन म्हणाला, "सामान हाय, भाऊसाहेब."

"म्हणजे दारूगोळा! उत्तम!" भाऊसाहेब खूश होऊन मांडवाच्या तयारीला गेले. त्यांना खरं सांगायला हवं, हे आम्हां दोघांनाही कळत होतं. मी धोंडूकडे पाहिलं, धोंडूनं माझ्याकडे. मग दोघंही समुद्राकडे बघत बसलो.

समारंभाला सारी आळी लोटली. बागेच्या आतल्या बाजूला खुर्च्या, मधोमध कलेक्टरसाहेब आणि त्यांची मडम, एका कडेला लग्नातली बँड पार्टी. पुतळा झाकायला पुरेसं कापड गावात मिळालं नाही, म्हणून धोंडूनं आपल्या मचव्याचं शीड घातलं होतं. साहेबानं दोरी ओढायची आणि शीड खाली पडायचं, असा बेत. पण शिडाला पडायची सवय कुठून असणार? साहेबानं दोरी ओढली, पश्चिमेचा वारा आत शिरला, आणि शीड भरून वर उठलं! धोंडू सवयीनं ओरडला, "आवर! आवर!" त्याची माणसं धावली. शीड हवेत गरकन वळलं आणि साहेब, मडम, भाऊसाहेब आणि पहिली रांग, सगळ्यांना घेऊन खाली बसलं. आत नुसती वळवळ. बँडवाल्यांना वाटलं हीच खूण, त्यांनी वरातीचं गाणं सुरू केलं.

शीड ओढून काढलं तेव्हा साहेबाची हॅट भाऊसाहेबांच्या डोक्यावर होती. लोक हसत होते. मडमही हसत होती. आणि मग सगळ्यांनी वर बघितलं.

समोर पाठ होती.

बँड थांबला. भाऊसाहेबांनी डोळे चोळले. एकदा पुतळ्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी सुरूच्या झाडामागं जायच्या बेतात होतो. साहेबानं भुवया उंचावून इंग्रजीत काहीतरी विचारलं. पाठ का, असंच असणार. भाऊसाहेबांनी भाषणाचा कागद उलटसुलट करून बघितला. त्यात बंदूक होती, रणभूमी होती, सगळं होतं. पाठ नव्हती.

तेवढ्यात मागून भागीआयेचा आवाज आला, धक्क्यावर यावा तसा.

"गणूऽऽ! जपून रे बाबा!"

मग धोंडू तांडेल उठला. "दत्ता! पोचलास की कळव!" आणि मग कोण कोण उठलं मी मोजलं नाही. ज्यांची माणसं गेली नव्हती तेही उठले. "थंडीचं अंगावर घे!" "मुंबईत मामाकडे उतर!" हात हलत होते, पदर हलत होते, माणसं हसत होती आणि डोळे पुसत होती. बाबू हमाल माझ्या शेजारी उभा राहून स्वतःच्याच पाठीला हात करत होता.

साहेबानं पुन्हा विचारलं, हे लोक काय म्हणतायत?

भाऊसाहेबांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. साहेबाची हॅट डोक्यावरून काढून दोन्ही हातांनी त्याला परत दिली. मग ते इंग्रजीत बोलले, आणि तेच वळून आम्हांला मराठीत सांगितलं.

"साहेब, तो निघालाय. आम्ही त्याला पोचवायला आलोत."

साहेबानं हॅट डोक्यावर घातली नाही. हातातच धरून ठेवली.

ओरडा थोडा निवला होता. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक बारीक, फाटका आवाज आला.

"अहो!"

येसूवहिनी. सगळ्या माना वळल्या. ती तांबडीलाल झाली होती, पण थांबली नाही.

"अहो! चंची राहिली!"

तिच्या मुठीत एक जुनी कापडी चंची होती, पान-तंबाखूची. माझ्या बायकोनं नंतर मला सांगितलं. तुकाराम गेला त्या दिवशी चंची घरीच विसरला होता. येसू ती घेऊन धक्क्यापर्यंत धावली. पण सासरे, दीर, सगळी वडीलधारी माणसं पुढं उभी. त्यांच्या देखत नवऱ्याला हाक कशी मारायची? तो पायऱ्या उतरून होडीत बसला, आणि ती चंची मुठीत धरून परत आली.

आता ती सगळ्यांच्या मधून, साहेबाच्या पुढून, चौथऱ्यापर्यंत चालत गेली. टाचा उंचावून तिनं चंची पुतळ्याच्या पावलाशी ठेवली, हात झटकले, आणि वळली तेव्हा हसत होती. मी तिला तोवर हसताना पाहिलं नव्हतं. बँडमास्तरनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि वरातीचं गाणं पुन्हा सुरू झालं. साहेबाची मडम टाळ्या वाजवून ताल धरत होती. भाऊसाहेब माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्यांनी माझा कान पिळला, कडकडून मिठी मारली आणि म्हणाले, "दारूगोळा काय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारं आणायला बागेत गेलो. येसूवहिनी आणि भागीआये चौथऱ्यापाशी उभ्या होत्या. चंची तिथं नव्हती. वाऱ्यानं नेली, कावळ्यानं नेली की बाकावर निजणाऱ्या कोणी नेली, कोण सांगणार! येसूवहिनीचा चेहरा उतरला होता.

भागीआयेनं पुतळ्याच्या पाठीकडे मान वर करून बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

"माज्या गणूनंच न्हेलान असंल," ती म्हणाली. "तो मेला कदी स्वतःचं पान घेऊन गेला? जन्मभर तुज्या घोवाच्या चंचीतलंच खाल्लान!"

येसूवहिनीनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. मग पदर सुटला, आणि तिच्या हसण्यानं सुरूवरचे कावळे उडाले.